विंडोज ७वर नवे पायथन का चालत नाही?

प्रश्न : माझी मुलगी यंदा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असून तिला घरी पायथन या संगणकीय भाषेचा सराव करायचा आहे. आमच्या जुन्या संगणकावर विंडोज ७ आहे आणि रॅम २ जीबी. पायथनचा नवा इन्स्टॉलर ‘विंडोज ८.१ किंवा त्यापुढील प्रणाली हवी’ असे सांगून थांबतो. शेजारच्या मुलाने झिप फाइलमधून ते चालवून पाहिले, तर ‘एपीआय-एमएस-विन-कोअर-पाथ’ अशा नावाची डीएलएल फाइल (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात ती विंडोजची साहाय्यक फाइल) सापडत नसल्याचा संदेश आला. ती फाइल इंटरनेटवरून उतरवून घ्यावी, की संगणकच बदलावा?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : ती फाइल मुळीच उतरवू नका. ती तुमच्या संगणकावरून हरवलेली नाही. विंडोज ७मध्ये ती कधी नव्हतीच. फाइल आणि फोल्डर यांचे पत्ते हाताळणारी जी सोय विंडोज ८पासून आली, तिच्यावर पायथन ३.९ आणि पुढच्या आवृत्त्या अवलंबून आहेत. कुठल्या तरी संकेतस्थळावरची त्या नावाची फाइल आणून ठेवली, तर तिच्यात नेमके काय आहे हे तपासण्याचे साधन आपल्याजवळ नसते.

मायक्रोसॉफ्टने ज्या विंडोजचा आधार, म्हणजे दुरुस्त्या पुरवणे, काढून घेतला, तिच्यासाठी नवी आवृत्ती काढायची नाही, असे पायथनकर्त्यांचे धोरण आहे. विंडोज ७चा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला आणि ३.९ त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आले. त्यामुळे तुमच्यासाठी शेवटची आवृत्ती ३.८, आणि तिचाही तयार इन्स्टॉलर ३.८.१०पर्यंतच मिळतो, ३.८च्या पुढच्या दुरुस्ती-आवृत्त्या केवळ मूळ संहितेच्या (सोर्स कोडच्या) रूपात आहेत. (हे आकडे दशांश अपूर्णांकासारखे वाचू नयेत, ३.१० हे ३.९च्या नंतरचे. या घोटाळ्यात शिकवणारेही सापडतात.) विंडोज ७वर सर्व्हिस पॅक १ (मायक्रोसॉफ्टचा दुरुस्ती-संच) असल्याची खात्री करून पायथनच्या अधिकृत संकेतस्थळावरून ३.८.१० घ्या, आणि बसवताना पहिल्याच खिडकीतील ‘पाथ’ची चौकट टिचकवायला विसरू नका. कोड लिहायला पायथनसोबत येणारा आयडल हा संपादक पुरे आहे. मायक्रोसॉफ्टचा व्हीएस कोड हा संपादकच हवा असेल, तर त्याची १.७० ही आवृत्ती विंडोज ७वर चालणारी शेवटची.

पहिल्या वर्षाचा बहुतेक अभ्यास यावर होईल. अडेल ते ‘मॅच-केस’ या अनेक पर्यायांतून निवड करणाऱ्या रचनेपाशी, कारण ती रचना ३.१०मध्ये आली. नम्पाय आणि पांडाज या आकडेमोड व माहिती हाताळण्याच्या पायथन-संग्रहांच्याही जुन्या आवृत्त्यांवरच भागवावे लागेल. शिवाय ३.८ला सुरक्षा-दुरुस्त्या मिळणे २०२४मध्ये थांबले आहे, तेव्हा या संगणकावरून बँकेचे व्यवहार करू नयेत.

माझे मत विचाराल, तर नव्या संगणकाचा खर्च आताच नको. लॅमिंग्टन रोडवरून साधी एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवण) आणून तिच्यावर डेबियन १२ हे लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) हलक्या एलएक्सडीई डेस्कटॉपसह बसवावे. त्यात पायथन ३.११ आयतेच असते आणि २ जीबीमध्ये सरावापुरते काम निभते. जुनी हार्ड डिस्क पुसू नका. तिच्यावर श्री-लिपीसारख्या युनिकोडपूर्व (सर्व संगणकांवर चालणाऱ्या आजच्या अक्षर-संकेतांच्या आधीच्या) फॉन्टमध्ये टंकलेली मराठी पत्रे असतील, तर तो फॉन्ट नसलेल्या लिनक्सवर त्यांची अक्षरे ओळखू येणार नाहीत; विंडोज चालू आहे तोवरच त्यांच्या पीडीएफ प्रती काढून ठेवाव्यात.