प्लायच्या तुकड्यावर पेन्सिलीने लिहिलेली बाकी कोर्टात चालते का?

खानापूरकडच्या एका सुतारमिस्त्रींचा प्रश्न आलाय. बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका फ्लॅटचं सगळं फर्निचर त्यांनी केलं, मॉड्युलर किचन, दोन वॉर्डरोब, हायड्रॉलिकचा बेड, टीव्ही युनिट, देवघर, सगळं मटेरियलसकट 6,40,000 ला ठरलेलं. 2022 च्या दसऱ्याला वास्तुशांत होती, त्याच्या आदल्या रात्री, म्हणजे 4 ऑक्टोबरला, शेवटचं शटर बसवलं. मिळाले 4,55,000, राहिले 1,85,000. मालक "देतो देतो म्हणायलाय पण देईना", आणि आता फ्लॅट बंद करून पुण्याला मुलाकडे जाऊन बसलाय, फोन उचलत नाही. एका वकिलाकडून रजिस्टर्ड नोटीस पाठवली, तिचं उत्तर नाही. पोलिसांनी सिव्हिल मॅटर आहे म्हणून परत पाठवलं. आणि कामाच्या वेळची एक चावी अजून यांच्याकडेच आहे, तर जाऊन ट्रॉल्या आणि शटरं काढून आणू का, असं विचारतायत.

चार पानांच्या पत्रात अगदी शेवटी, जाता जाता, एक ओळ आहे: "2024 ला महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी ड्रॉवरचे चॅनेल अडकतात म्हणून बोलावलं होतं, तेव्हा त्यांनी प्लायच्या तुकड्यावर बाकीचा हिशोब मांडून सही केली होती, तो तुकडा वर्कशॉपात कुठंतरी असंल, त्याचा काय उपयोग आहे का?"

मिस्त्री, तुमच्या चार पानांत कामाची गोष्ट तेवढी एकच आहे हो, आणि ती तुम्ही "कुठंतरी असंल" म्हणून लिहिलीय. पुढचं वाचायच्या आधी उठा आणि तो तुकडा शोधून काढा, कुणी पोराने त्याची पट्टी पाडून पॅकिंगला लावायच्या आत.

आता का ते सांगतो. तुम्ही केलेल्या कामाचे पैसे मागायला कायद्याने तीन वर्षं दिलेली आहेत. लिमिटेशन ॲक्ट, 1963 चा. माल विकला म्हणा (आर्टिकल 14) की काम करून दिलं म्हणा (आर्टिकल 18), उधारीची मुदत ठरलेली नसेल तर माल दिल्यापासून किंवा काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षं, त्यामुळे हे काम का माल हा वाद आपल्याला घालायची गरज नाही. म्हणजे तुमची मुदत 4 ऑक्टोबर 2025 ला संपली. आणि ही मुदत अशी आहे की समोरच्याने तोंड उघडलं नाही तरी कोर्टाला स्वतःहून बघावी लागते आणि उशिरा आलेला दावा फेटाळावा लागतो, कलम 3. उशीर माफ करा म्हणून अर्ज अपिलाला चालतो, दाव्याला नाही. बायको आजारी होती, सीझन होता, माणूस ओळखीचा होता, यातलं काही चालत नाही.

नोटिशीबद्दल तर मी सांगून सांगून थकलो. वकिलाची नोटीस गेली की मुदत थांबते असा आपल्याकडे समज आहे, तो कुठून आला कुणास ठाऊक. नोटिशीने काही थांबत नाही. लाल शिक्का, पोचपावती, सगळं फाईलला लावायला बरं दिसतं तेवढंच. दहा नोटिसा पाठवा, चौथ्या वर्षी दावा घेऊन गेलात तर दारातच अडतो. पोलिसांचंही तेच, तिथं घातलेला वेळ यातून वजा होत नाही.

थांबवतं काय तर त्याच लिमिटेशन ॲक्टचं कलम 18 (वरचं आर्टिकल 18 वेगळं). मुदत संपायच्या आधी देणेकऱ्याने देणं कबूल करून लिहिलं आणि त्याखाली सही केली, तर सही केलेल्या दिवसापासून तीन वर्षं परत नव्याने सुरू. तुमचा तुकडा 7 मार्च 2024 चा, तेव्हा मूळ मुदत चालू होती, म्हणजे हिशोब 2027 च्या मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत गेला. म्हणून म्हणतो तुकडा शोधा.

प्लायवर लिहिलेलं चालतं का, हा तुमचा खरा प्रश्न. चालतं. कागदच पाहिजे असं कायदा कुठं म्हणत नाही. पुराव्याच्या कायद्यात दस्तऐवज म्हणजे कुठल्याही पदार्थावर अक्षरांनी, आकड्यांनी किंवा खुणांनी लिहिलेला मजकूर, आणि तिथल्या उदाहरणांत धातूच्या पत्र्यावरचा आणि दगडावरचा लेखसुद्धा आहे. जुना 1872 चा कायदा जाऊन 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला तरी व्याख्येतला हा भाग तसाच आहे. दगड चालतो तर 18 एमएमचा प्लाय का चालणार नाही? पेन्सिलही चालते, पण ती पुसते, म्हणून त्यावर हात फिरवू नका, वॉर्निश मारून पक्कं करायच्या नादाला तर अजिबात लागू नका (असलं डोकं चालवणारे भेटलेत मला). फोटो काढा, वरून स्वच्छ कापड गुंडाळा, कोरड्या जागी ठेवा. तुकडा हरवला तर त्यावर काय लिहिलं होतं हे तोंडी सांगून भागत नाही, हे लिमिटेशन ॲक्टच्या त्याच कलम 18 मध्ये लिहिलंय.

तुम्ही म्हणता त्यावर तारीख नाही, नुसतं "बाकी 1,85,000, चॅनेल बदलल्यावर" एवढं आणि खाली सही. तारीख नसली तरी घाबरू नका, सही कधी केली हे साक्षीने सांगता येतं, तेवढी सवड कायद्याने ठेवलीय. पण नुसता तुमचा शब्द नको. त्या दिवशी तुमचा भाचा बरोबर होता म्हणता, तो साक्षीदार झाला. नवे चॅनेल 9 मार्चला आणले, त्याचं हार्डवेअर दुकानाचं बिल सापडतंय का बघा, तुमच्याकडे नसेल तर दुकानदाराकडे असेल, ते मिळालं तर तारखेचं निम्मं काम झालं. आणि आता स्वतःच्या हाताने तुकड्यावर तारीख घालू नका. घातलीत तर होता तो पुरावाही खोटा ठरेल आणि मग मला फोन करू नका.

मालक सही माझी नव्हे म्हणणार, ते धरूनच चाला. अॅडव्हान्सचे 1,00,000 त्यांनी 2022 ला चेकने दिले होते ना, मग बँकेत अर्ज करून त्या चेकची कॉपी काढायला लागा, तीच सही तिथं असणार. "चॅनेल बदलल्यावर" ही अट आहे, त्यावर त्यांचा वकील थोडा खेळेल, कारण अट घालून कबूल केलं असेल तर ती अट पूर्ण झाली का हे बघितलं जातं. तुम्ही बदलून दिले, आणि बिलही सापडलं तर मला ते फार अवघड वाटत नाही, पण जज कसं वाचतील ते आज छातीठोक सांगणार नाही.

2023 च्या गणपतीत फोनपेवर 10,000 आले त्याचं कलम 19 मध्ये काहीतरी होईल असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय. असूं दे. थोडे पैसे भरले की मुदत वाढते हे खरं, पण भरणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा सहीनिशी त्याची नोंद पाहिजे, आणि यूपीआयला तसं धरायचं का यावर वाद होतो. शिवाय धरलं तरी मुदत 2026 च्या सप्टेंबरपर्यंतच जाते, फळीने त्याच्या पुढं जाते. बँक स्टेटमेंट लावू, भिस्त त्यावर नको. व्हॉट्सॲपवर "बघू मिस्त्री पुढच्या महिन्यात" असं आलंय ते तर मी कबुली म्हणायला तयार नाही, काय बघू? किती बघू? तरी तो जुना फोन विकू नका, मेसेज दाखवायचे तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं सर्टिफिकेट लागतं आणि मूळ फोन असला की बरं पडतं.

चावी. ती आजच कुरिअरने त्यांना पाठवा आणि पावती ठेवा. फर्निचर तुमच्या वर्कशॉपात असतं तर पैसे मिळेपर्यंत अडवून धरता आलं असतं, पण एकदा भिंतीला ठोकून दुसऱ्याच्या घरात बसवलं की तो हक्क गेला. बंद घरात शिरून ट्रॉल्या काढल्यात तर सिव्हिल मॅटर म्हणून हात झटकणारे तेच पोलीस तुमच्यावर घरफोडीची केस घ्यायला एका पायावर तयार होतील.

ग्राहक कोर्टात तुम्हाला जाता येणार नाही, तुम्ही ग्राहक नव्हे, तो आहे. प्लाय फुगला म्हणून तोच तिथं जाऊ शकला असता, पण त्यालाही साधारण दोन वर्षांचीच मुदत असते. दाव्यात मात्र तो काम खराब म्हणून कापून मागेल. किचनला बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्याला टिकणारा, प्लाय सांगून साधा कमर्शियल लावला असेल तर मला आत्ताच सांगा, जबानीत कळायला नको.

दावा बेळगावलाच घालता येतो, काम इथं झालं, कबुली इथं लिहिली, तो पुण्यात राहिला म्हणून तुम्हाला पुण्याला जायची गरज नाही. फळीवरचा मजकूर मराठीत आहे, त्याचं कन्नड किंवा इंग्लिश भाषांतर जोडावं लागेल. वेळ किती लागेल विचारू नका. समन्स पुण्याला जाऊन बजावून परत यायलाच महिने जातात, मग त्याचा वकील तारखा मागणार. आपला सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे, तिथं दोन राज्यं ताटकळत बसलीत, तुमच्या 1,85,000 साठी कोण धावणार आहे? एक बरं आहे, फ्लॅट बेळगावात आहे. हुकूमनामा मिळाला की वसुलीला 12 वर्षं असतात आणि जप्ती लावायला समोर काहीतरी असतं. तो फ्लॅट विकायला काढल्याचं कानावर आलं तर मात्र लगेच कळवा, निकालाआधीच जप्ती मागता येते, मिळेलच असं नाही. दाव्याआधी लोक अदालतीत मिटलं तर मीच पहिला खूश, जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडे अर्ज देऊन बघू, पण तिथं अर्ज पडलाय म्हणून मार्च 2027 पुढं सरकत नाही.

बाकीचे मिस्त्री हे वाचणार म्हणून एक सांगून ठेवतो, कारण सगळ्यांकडे फळी नसते. मुदत उलटून गेली असली तरी मालकाने "मी अमुक यांना इतके रुपये देईन" असं लिहून सही करून दिलं तर तो नवा करार होतो, काँट्रॅक्ट ॲक्टचं कलम 25(3). तिथं नुसतं "बाकी आहे" चालत नाही, "देईन" पाहिजे. आणि आपलाच माणूस आहे, त्याच्याकडून काय लिहून घ्यायचं, हे जे तुम्ही पहिल्या पानावर लिहिलंय ना, ते वाचून मी पत्र बाजूला ठेवून चहा प्यायला गेलो होतो. शटरच्या मापात एक सूत इकडं तिकडं चालत नाही तुम्हाला, आणि साडेसहा लाखाचं काम तोंडी?

पुढच्या आठवड्यात या. एस्टिमेटचा कागद, बँक स्टेटमेंट, हार्डवेअरचं बिल, भाचा, आणि फळी. बसमध्ये ती सीटखाली सरकवू नका, मांडीवर धरून आणा.