तक्रार मुंबईला करायची की दिल्लीला?

नदीप्रदूषणावर लिहिल्यापासून येणाऱ्या पत्रांत एक वाक्य पुन्हा पुन्हा दिसतं : "जिथे जावं तिथे सांगतात, हा विषय आमच्याकडे नाही." त्यातली पाच पत्रं आज घेते.

प्रश्न : आमच्या ओढ्यात रात्री कारखान्याचं लालसर पाणी सुटतं, आता विहिरीलाही वास येतोय. तालुक्याला विचारलं तर म्हणाले, प्रदूषणाचे कायदे केंद्राचे, दिल्लीला लिहा. खरं का? (शेतकरी, सातारा जिल्हा)

उत्तर : कायदा संसदेचा, एवढंच खरं. राबवायचा राज्यानेच. सांडपाणी सोडायची परवानगी, म्हणजे ज्याला सगळे 'कन्सेंट' म्हणतात ते संमतीपत्र, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ देतं आणि तेच रद्दही करू शकतं. नदीनाल्यात सोडायच्या पाण्याच्या सर्वसाधारण मर्यादा केंद्राने घातल्या आहेत : बीओडी (सेंद्रिय घाण कुजताना पाण्यातला किती ऑक्सिजन खाते त्याचं माप) लिटरला ३० मिलिग्रॅम, सीओडी (रसायनांनी मोजलेली तशीच ऑक्सिजनची गरज) २५० मिलिग्रॅम, सामू (आम्ल-अल्कतेचं माप, पीएच) ५.५ ते ९. राज्य मंडळ त्या आणखी कडक करू शकतं, सैल करू शकत नाही.

म्हणून आधी मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय गाठा आणि त्या कारखान्याच्या संमतीपत्राची प्रत मिळवा. दिवसाला किती घनमीटर सांडपाणी, त्याची विल्हेवाट कुठे लावायची, मुदत कधी संपते, हे सगळं त्यात असतं. प्रक्रिया केलेलं पाणी आवारातल्या झाडांना द्यायचं, असं त्यात लिहिलेलं असेल आणि तुमच्या ओढ्यात पाइप दिसत असेल, तर अटीचा भंग तिथेच उघडा पडतो. त्या पाइपचा तारखेसह फोटो अर्जाला जोडा आणि अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

तुम्ही बाटलीत भरून नेलेलं पाणी मंडळाला जागं करायला पुरतं, कारवाईला नाही. मंडळाने घेतलेला नमुना कोर्टात टिकायचा तर कारखान्याला नोटीस द्यावी लागते, त्याच्या माणसासमोर नमुन्याचे दोन भाग करावे लागतात, सील आणि सह्या लागतात. यातली एखादी पायरी चुकली की कारखान्याचा वकील तीच धरतो. म्हणून पथक येईल तेव्हा तुम्ही ओढ्याशी हजर राहा, वेळ लिहून ठेवा.

मंडळ हललंच नाही तर दिल्लीचा रस्ता आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे लेखी निर्देश राज्य मंडळावर बंधनकारक असतात. ते आणि राज्य सरकारचे निर्देश एकमेकांविरुद्ध गेले, तर निवाडा केंद्र सरकार करतं. पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागाचं पीठ तर पुण्यातच आहे.

प्रश्न : पर्यावरण नेमकं कोणाच्या सूचीत आहे? (स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर : कोणाच्याच नाही. कोणत्या विषयावर केंद्राने कायदा करायचा, कोणत्या विषयावर राज्याने, हे वाटून देणाऱ्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत 'पर्यावरण' अशी नोंदच नाही. पाणी राज्यसूचीत, वनं आणि वन्यजीव १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने समवर्ती, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या सूचीत आले. पाणी राज्याचं असल्यामुळे १९७४चा जलप्रदूषण कायदा अनुच्छेद २५२ खाली, राज्यांच्या विधिमंडळांच्या ठरावांवर उभा राहिला. महाराष्ट्राने मात्र १९६९ सालीच स्वतःचा कायदा केला होता आणि १९७० मध्ये मंडळही स्थापन झालं होतं. केंद्राचा कायदा आपण १ जून १९८१ पासून स्वीकारला. 'दिल्लीला लिहा' म्हणणाऱ्या प्रत्येक कार्यालयात हा इतिहास लावून ठेवायला हवा, असं मला मनापासून वाटतं. पुढे १९८१चा हवा कायदा आणि भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतरचा १९८६चा पर्यावरण संरक्षण कायदा आले ते अनुच्छेद २५३ खाली, म्हणजे आंतरराष्ट्रीय करार आणि परिषदांतले निर्णय अमलात आणायच्या संसदेच्या अधिकारात. संयुक्त राष्ट्रांच्या १९७२च्या स्टॉकहोम पर्यावरण परिषदेतल्या निर्णयांचा आधार असल्यामुळे तिथे राज्यांच्या ठरावाची गरज उरली नाही.

प्रश्न : गावाजवळच्या खाणीची जनसुनावणी आहे. मंजुरी दिल्लीत व्हायची असेल तर इथे बोलून काय उपयोग? (ग्रामपंचायत सदस्य, सिंधुदुर्ग)

उत्तर : फार उपयोग आहे, म्हणून चुकवू नका. प्रकल्पांच्या पर्यावरणीय मंजुरीच्या २००६च्या अधिसूचनेनुसार 'अ' वर्गाचे प्रकल्प केंद्राकडे जातात, 'ब' वर्गाचे राज्यस्तरीय प्राधिकरणाकडे. जनसुनावणी मात्र दिल्लीचा प्रकल्प असला तरी राज्याचं मंडळच घेतं. अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी, पण अपर जिल्हाधिकाऱ्याच्या खालचे नाहीत. किमान ३० दिवसांची नोटीस लागते. तुमचा झरा, तुमची आमराई, डंपर जाणारी शाळेची वाट, हे प्रकल्पाच्या पर्यावरण परिणाम अहवालात आलंय का ते आधी वाचा आणि आक्षेप लेखीही द्या. शेवटी इतिवृत्ताचा गोषवारा स्थानिक भाषेत वाचून दाखवणं बंधनकारक आहे. नेमकी तेव्हा माणसं जेवायला उठतात! बसून राहा. तुमचा मुद्दा त्यात नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांची सही होण्याआधी उभं राहून तसं सांगा. वरच्या समितीपुढे जातो तो हाच कागद.

प्रश्न : पश्चिम घाटाची अधिसूचना अजून मसुदाच का? (निवृत्त शिक्षक, कोल्हापूर)

उत्तर : घाटाचा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर करायचा अधिकार केंद्राचा, जमिनीची व्यवस्था राज्यांची, म्हणून. पहिला मसुदा मार्च २०१४चा, सहावा ३१ जुलै २०२४चा. त्यात सहा राज्यांतलं ५६,८२५.७ चौरस किलोमीटर क्षेत्र आहे, पैकी १७,३४० महाराष्ट्रातलं. राज्यं गावं वगळायला सांगतात आणि केंद्र त्यांना डावलून अंतिम सही करत नाही. माझ्या मते हे केंद्राचं कचरणं आहे. याच १९८६च्या कायद्याखाली महाबळेश्वर-पाचगणी २००१ मध्ये आणि माथेरान २००३ मध्ये संवेदनशील क्षेत्र जाहीर झालंच ना?

प्रश्न : गणपतीत रात्री बारापर्यंत स्पीकरला परवानगी कोण देतं? (गृहिणी, ठाणे)

उत्तर : ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम केंद्राचे, सवलत राज्य देतं. वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस, सांस्कृतिक वा धार्मिक सणांसाठी, रात्री १० ते १२. ते दिवस आधी जाहीर करावे लागतात. ती यादी जिल्हाधिकारी कार्यालयातून घेऊन ठेवा. यादीबाहेरच्या रात्री दहानंतर आवाज सुरू असेल तर पोलिसांना फोन करताना तारीख वाचून दाखवता येईल.