अजिंक्यताऱ्यावर वायुदाब मोजायचाय? मग एक सेन्सर खालीच ठेवा

प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्यातल्या टी.वाय. (पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या) फिजिक्सच्या दोन विद्यार्थिनींना प्रोजेक्टसाठी बीएमपी२८० हा दाब मोजणारा सेन्सर आणि आर्डुइनो हा छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड घेऊन उंचीनुसार हवेचा दाब कसा घटतो ते मोजायचंय, आणि गाईड म्हणतात, "यात नवीन काय?"

नवीन सूत्रात शोधू नका, ते चुकांच्या हिशेबात सापडेल. दाबाचा लॉगॅरिदम उंचीविरुद्ध काढला की रेषेच्या उतारावरून आणि हवेच्या तापमानावरून हवेचा सरासरी रेणुभार निघतो. उत्तर २९ च्या जवळ यायला हवं. ते किती जवळ आलं आणि जे अंतर उरलं ते कशामुळे, एवढ्यावर अख्खा प्रोजेक्ट उभा राहतो.

आधी आकडे बघा. साताऱ्यात दाब साधारण ९३० हेक्टोपास्कल (दाबाचं एकक) असतो आणि इथे दर साडेनऊ मीटरला तो १ हेक्टोपास्कलने उतरतो. शहरातून अजिंक्यतारा किल्ल्यापर्यंत चढ ३०० मीटरच्या आसपास, म्हणजे सगळा फरक जेमतेम ३१ हेक्टोपास्कल. आता मेख इथे आहे: आपल्या अक्षांशावर दाब एका जागी बसूनही दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास जास्त, दुपारी चारला कमी. रात्री तेच पुन्हा. हा फरक तीनेक हेक्टोपास्कलचा असतो. दहाला पायथ्याशी रीडिंग घेतलं आणि चारला वर घेतलं, तर तीन हेक्टोपास्कल फुकटचे मिळतात आणि तुमचा किल्ला तीसेक मीटरने उंच होतो! दहा टक्के चूक, तीही दर वेळी एकाच दिशेने. मग कितीही रीडिंगची सरासरी घ्या, ती जाणार नाही.

म्हणून सेन्सर दोन घ्या. एक पायथ्याशी कोणाच्या तरी घरात सावलीत चालू ठेवा, दुसरा वर न्या. दोन्हींना घड्याळाचं मॉड्यूल लावून वेळ सेकंदापर्यंत जुळवा. प्रत्येक क्षणी वरच्याचा आणि खालच्याचा फरक घेतला की दिवसाची भरती-ओहोटी आपोआप वजा होते. त्याआधी दोन्ही सेन्सर एका टेबलावर शेजारी-शेजारी ठेवून रात्रभर दर दहा सेकंदांनी नोंद घ्या. दोघांत हेक्टोपास्कलभर तफावत दिसली तरी घाबरू नका. ती स्थिर असेल तर वजा करता येते. तापमानाबरोबर ती सरकते का, तेवढं मात्र तपासा. या एका रात्रीच्या आलेखात दहा आणि चारची लाट स्पष्ट दिसते. तो रिपोर्टमध्ये पहिला लावा, गाईडना उत्तर तिथेच मिळेल.

जोडणीत हमखास अडकणाऱ्या गोष्टी: सेन्सर ३.३ व्होल्टचा आहे, ५ व्होल्ट देऊ नका. "सेन्सर सापडत नाही" असं आलं तर बहुधा कोडमधला सेन्सरचा पत्ता (अ‍ॅड्रेस) चुकलाय. स्वस्त मॉड्यूलचा हेक्समध्ये ७६ असतो आणि प्रचलित लायब्ररी ७७ शोधत बसते. पॉवर बँकवर पूर्ण भरवसा ठेवू नका. आर्डुइनो इतका कमी करंट ओढतो की बऱ्याच पॉवर बँका काही वेळाने स्वतःच बंद होतात, आणि ते कळतं वर पोचल्यावर. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरीही दिवसभर टिकणार नाही.

सेन्सर छोट्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा, डब्याला भोक पाडून आत स्पंजचा तुकडा लावा. थेट ऊन चिपच्या भोकात गेलं की रीडिंग बिघडतं. वाराही कमी नाही: सेकंदाला १० मीटरचा वारा समोरून आदळला तर अर्धा हेक्टोपास्कल, म्हणजे पाच मीटर. डबा हवाबंद मात्र करू नका, नाहीतर आतल्या हवेचाच दाब मोजाल. दर थांब्यावर पाच मिनिटं थांबा आणि शेवटच्या दोन मिनिटांचीच सरासरी घ्या. उतरताना त्याच जागांवर पुन्हा मोजा.

कासच्या पठारापर्यंत जायचा मोह होईल, कारण चढ जास्त मिळतो. पण पायथ्याचा सेन्सर जितका दूर तितका त्याचा उपयोग कमी. अजिंक्यतारा शहराच्या डोक्यावरच आहे, तोच बरा. हिवाळ्यात भल्या सकाळी जाऊ नका. थंड हवा खाली साचते आणि वर-खालच्या तापमानांची सरासरी खोटी ठरते. अकरानंतर निघा. तेव्हा दाब भराभर उतरत असतो, पण खालचा सेन्सर आहेच ना.

आता खरं दुखणं उंचीचं. मोबाईलचा जीपीएस सहज दहा मीटर चुकतो, म्हणजे तीन टक्के. त्यापुढे तापमानातली तीन अंशांची चूक एक टक्का आणि हवेतली वाफ एक टक्क्याहून कमी. त्यामुळे सेन्सर महागातला घेण्यापेक्षा वेळ उंचीवर घालवा: टोपोशीटवरच्या (भूरूप नकाशावरच्या) समोच्च रेषा, म्हणजे समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, बघा, एकेका जागी जीपीएस दहा मिनिटं स्थिर ठेवा. जीपीएसची उंची समुद्रसपाटीपासूनच्या उंचीहून पन्नास मीटरपेक्षा जास्त वेगळी दिसू शकते, पण आपल्याला फरकच हवा असल्याने तो स्थिरांक कटून जातो. व्हायवात (तोंडी परीक्षेत) हे हमखास विचारतात.

किल्ल्याआधी कॉलेजच्या जिन्यावर टेपने उंची मोजून एक फेरी करा. तीन मजल्यांना एक हेक्टोपास्कल मिळाला नाही, तर डबा उघडून जोडणी बघा.