लॅव्हेंडर खालून लाकडी झालंय, वर थोडासाच हिरवा भाग उरलाय. कुठपर्यंत छाटू म्हणजे पुन्हा भरगच्च होईल?

हिरव्या भागापर्यंतच छाटा. गुलाब खालून कापला तरी जुन्या लाकडावरचे डोळे फुटतात. लॅव्हेंडरच्या बोडक्या, तपकिरी लाकडातून मात्र सहसा फुटवा येत नाही आणि ती फांदी वाळून जाते.

कात्री हातात घेण्याआधी फांद्या बाजूला करून बुंध्याजवळ नीट बघा. लाकडावर बारीक राखाडी-हिरवे कोंब दिसले, तर कोंबांच्या थोडं वर कापता येईल. तेही सगळं झुडूप एकदम नको. यंदा एक तृतीयांश फांद्या कापा, त्यांना फुटवा आला की पुढच्या हंगामात बाकीच्या. कोंब नसतील तर प्रत्येक काडीवर निदान २-३ सें.मी. पानांचा भाग राखून वरचं काढा. जुनं झुडूप यापेक्षा जास्त सुधारत नाही, हे आधीच सांगतो.

म्हणून छाटण्यापूर्वी रोपं करून ठेवाच. फुलं नसलेले ८-१० सें.मी.चे शेंडे घ्या, खालच्या अर्ध्या भागाची पानं काढा, निम्मी वाळू आणि निम्म्या कोकोपीटमध्ये खोचून सावलीत ठेवा. चार ते सहा आठवड्यांत मुळं धरतात.

छाटणी फुलं वाळू लागताच करायची. फुलांचे दांडे आणि त्याखालची, त्या वर्षीच्या कोवळ्या वाढीची साधारण एक तृतीयांश लांबी. आकार घुमटासारखा ठेवा, म्हणजे कडांनाही ऊन मिळतं आणि झुडूप मधून फाकत नाही. पाऊस लागून राहिला असेल तर थांबा, ओल्या कापावर बुरशी धरते. कडक थंडी पडत असेल तर तिच्या सहा-आठ आठवडे आधीच उरका, नाहीतर कोवळा फुटवा थंडीने जळतो. दमट हवेत आतल्या वाळक्या काड्या आणि काळी पडलेली पानं वेचून काढणं मला छाटणीइतकंच गरजेचं वाटतं.

हे प्रमाण इंग्लिश लॅव्हेंडरचं. फुलाच्या टोकाला सशाच्या कानांसारख्या पाकळ्या असतील तर ती वेगळी जात; तिची वाळलेली बोंडं थोड्या पानांसकट खुडत राहा, खोल छाटणी तिला सोसत नाही.

‘छाटलं आणि मेलं’ या तक्रारीत पुष्कळदा दोष पाण्याचा असतो. पानं कमी झाली की झाड पाणी कमी ओढतं, आपण मात्र आधीइतकंच घालतो आणि मुळं कुजतात. माती बोटाच्या दोन पेरांपर्यंत कोरडी झाल्यावरच पाणी द्या. नत्राचं खत नको, त्याने लांबट, लोळणाऱ्या काड्या येतात.

नव्या रोपांचे शेंडे मात्र १०-१२ सें.मी. उंचीपासूनच खुडायला लागा. फांद्या बुडापासून फुटतात आणि दरवर्षी छाटायला हिरवा भाग शिल्लक राहतो.