थर वाळू द्यावा
रोज एक चित्र पूर्ण करण्याची सवय मोडायची असेल, तर काही काळ तैलरंग वापरावेत, असे मी आपणांस आग्रहाने सुचवेन; कारण जवसाच्या तेलातला थर हाताला कोरडा लागायलाच काही दिवस घेतो आणि त्या सक्तीच्या थांबण्यातच पुढचा रंग सुचतो. नागपूर येथे १९२४ साली जन्मलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने (रंग लावण्या-खरवडण्याच्या बोथट सुरीने) रंग चढवत, खरवडत आणि वर्षाला मोजकीच चित्रे करत. (त्यांची मूळ चित्रे पाहण्याची संधी सोडू नये; छापील प्रतीत ते थर हरवतात.) आधी रेखाटन करू नये. कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवावा, आठवड्याने वळवावा आणि पहिल्या नजरेला जे खुपेल तेवढेच खरवडावे.