पोटॅशियम वारंवार जास्त येत असेल, तर यंत्राआधी सॅम्पल तपासावे

तुमची अडचण मला अशी समजली. तुमच्या रक्तसंकलन सेंटरवर सकाळी सिरिंजने रक्त घेऊन तुम्ही ते आधी लॅव्हेंडर ट्यूबमध्ये (जांभळट टोपणाची, रक्त न गोठू देणारे औषध असलेली) आणि मग प्लेन ट्यूबमध्ये (असे औषध नसलेली) भरता, ट्यूब फ्रीजमध्ये ठेवता आणि दुपारच्या गाडीने त्या जिल्ह्याच्या लॅबकडे रवाना होतात. अलीकडे चांगल्या हिंडत्याफिरत्या पेशंटचेही पोटॅशियम सहा-सातच्या घरात येत आहे. लॅब सॅम्पल पुन्हा मागते आणि तुमचे सेंटरचालक लॅबच्या यंत्राला दोष देतात. माझ्या मते यंत्राचा यात काही संबंध नसावा. तुम्ही सांगितलेल्या पद्धतीतच पोटॅशियम खोटे वाढवणारी किमान दोन कारणे आहेत, आणि त्यांपैकी कोणते कारण कोणत्या पेशंटला लागू पडते हे जुन्या रिपोर्टवरूनच बऱ्याच अंशी ओळखता येते.

मुळात रक्तद्रवात पोटॅशियम लिटरला साधारण 3.5 ते 5 मिलिमोल असते, तर तांबड्या पेशींच्या आत ते त्याच्या सुमारे तीसपट असते. त्यामुळे थोड्या पेशी फुटल्या किंवा पाझरल्या तरी आकडा झपाट्याने वर जातो. दुसरे असे की लॅव्हेंडर ट्यूबमधील ईडीटीए हा पोटॅशियमच्याच क्षाराच्या रूपात असतो. तो रक्तातील कॅल्शियम बांधून रक्त गोठू देत नाही, आणि अल्कलाइन फॉस्फटेज या रक्तात मोजल्या जाणाऱ्या एन्झाइमला लागणारे जस्त व मॅग्नेशियमही तो बांधून टाकतो. म्हणून प्लेन ट्यूबमध्ये ईडीटीए गेला असेल, तर पोटॅशियम वाढलेले, कॅल्शियम अशक्य वाटावे इतके कमी आणि अल्कलाइन फॉस्फटेजही घसरलेले, असे तिन्ही बदल एकत्र दिसतात. सिरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) मात्र स्वच्छ पिवळे असते, त्यामुळे नुसते पाहून काही कळत नाही. पोटॅशियम सात आणि कॅल्शियम पाच (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) असा रिपोर्ट असलेला माणूस स्वतः चालत येऊन तो घेऊन जात असेल, तर ते आकडे त्याच्या शरीराचे नसून ट्यूबचे आहेत असे समजावे.

हे ईडीटीए प्लेन ट्यूबमध्ये जाते कसे, याची दोन उत्तरे मी अनेक सेंटरवर प्रत्यक्ष पाहिली आहेत. लॅव्हेंडर ट्यूब आधी भरताना सिरिंजचे टोक आतील औषधाला किंवा ओल्या कडेला लागते आणि तेच टोक पुढे प्लेन ट्यूबमध्ये जाते. दुसरा प्रकार अधिक घातक आहे. लॅव्हेंडरमध्ये रक्त खुणेच्या वर गेले आणि प्लेनमध्ये कमी पडले, की घाईत असलेला माणूस वरचे रक्त प्लेनमध्ये ओतून दोन्ही ट्यूब सारख्या करतो. असे कधीही करू नये. रक्त कमी पडले तर पेशंटला स्पष्ट सांगून पुन्हा घ्यावे. ट्यूब भरण्याचा मान्य क्रम ब्लड कल्चर, फिकट निळी सायट्रेट, प्लेन किंवा जेल, हिरवी हेपॅरिन, लॅव्हेंडर आणि शेवटी ग्रे असा आहे. ग्रे ट्यूबमध्ये फ्लोराइडच्या जोडीला पोटॅशियम ऑक्झलेट किंवा ईडीटीए असते, म्हणून ती शेवटी.

दुसरे कारण तुमचा फ्रीज. सॅम्पल थंड ठेवले म्हणजे सुरक्षित राहिले, हा समज सिरम वेगळे न केलेल्या रक्ताच्या बाबतीत चुकीचा आहे. पेशींच्या आवरणातील पंप पोटॅशियम आत राखतो. थंडीत तो मंदावतो आणि पोटॅशियम हळूहळू बाहेर येते. येथेही सिरम स्वच्छ दिसते, पण कॅल्शियम बिघडत नाही. उपाय एकच आहे: प्लेन ट्यूब अर्धा तास उभी ठेवून रक्त पूर्ण गोठू द्यावे, सेंट्रिफ्यूजमध्ये (वेगाने फिरवून पेशी खाली बसवणाऱ्या यंत्रात) फिरवावे आणि रक्त घेतल्यापासून दोन तासांच्या आत सिरम वेगळे करावे, त्यानंतर ते फ्रीजमध्ये ठेवायला हरकत नाही. सेंटरवर सेंट्रिफ्यूज नसेल तर चालकांकडे त्याचा आग्रह धरा. एका छोट्या सेंट्रिफ्यूजचा खर्च पुन्हापुन्हा सॅम्पल घेण्यापेक्षा आणि पेशंटच्या रागापेक्षा नक्कीच कमी आहे.

सिरम लालसर असेल तर मात्र पेशी फुटलेल्या आहेत, आणि पोटॅशियमबरोबर एलडीएच व एसजीओटी ही पेशींमधील एन्झाइमेही वाढतात. बारीक सुईने जोरात दट्ट्या ओढणे, स्पिरिट वाळण्यापूर्वी टोचणे, सुईतूनच रक्त दाबून ट्यूबमध्ये सोडणे, ट्यूब जोरात हलवणे किंवा गोठलेले रक्त काडीने सोडवणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत. प्रौढाला 21 गेजची सुई घ्यावी, दट्ट्या सावकाश ओढावा, ट्रान्सफर डिव्हाइस (सिरिंजमधील रक्त ट्यूबमध्ये सोडण्याचे साधन) नसेल तर सुई काढून रक्त ट्यूबच्या कडेवरून हळूच सोडावे, आणि लॅव्हेंडर ट्यूब न झटकता आठ-दहा वेळा अलगद उलटसुलट करावी. टुर्निके (दंडाला बांधायचा पट्टा) एका मिनिटाच्या आत सोडावे. पेशंटला मूठ वारंवार उघडमीट करायला सांगण्याची सवय तर मोडलीच पाहिजे, कारण हाताच्या स्नायूंतूनही पोटॅशियम बाहेर येते.

मी एवढे विस्ताराने लिहितो आहे, कारण असा रिपोर्ट निरुपद्रवी नसतो. खरोखर वाढलेल्या पोटॅशियमने हृदय थांबू शकते, म्हणून डॉक्टर तो आकडा पाहून ईसीजी काढतात, पेशंटला दाखल करून घेतात आणि पोटॅशियम उतरवण्यासाठी इन्सुलिन-ग्लुकोजही सुरू करू शकतात. याची उलट बाजू कमी बोलली जाते: ज्याचे पोटॅशियम खरोखर कमी आहे, त्याचे फुटलेले सॅम्पल नॉर्मल आकडा दाखवते आणि आजार झाकला जातो. त्यामुळे शंका आली की लॅबने कळवण्याची वाट न पाहता तुम्हीच पेशंटच्या डॉक्टरांना फोन करावा.

लेबलाबद्दलही तुम्ही ओझरते विचारले आहे. आधी लेबल लावून ठेवलेल्या ट्यूब रांगेत मांडणे बंद करा. रक्त घेतल्यावर पेशंट समोर असतानाच लेबल लावा. ‘तुम्ही अमुकच ना?’ असे विचारू नका, कारण कमी ऐकू येणारे आजोबा कशालाही मान हलवतात. ‘पूर्ण नाव आणि वय सांगा’ असे म्हणा आणि ते फॉर्मशी ताडून पाहा. एकाच गावात एकाच नाव-आडनावाची माणसे सर्रास असतात, म्हणून दुसरी खूण हवीच.

शेवटचे, तुम्ही सुईला पुन्हा टोपण लावता असे लिहिले आहे, ते आजच थांबवा. सुई थेट शार्प्ससाठीच्या (टोकदार-धारदार वस्तूंसाठीच्या) पांढऱ्या, न टोचल्या जाणाऱ्या डब्यात गेली पाहिजे. हिपॅटायटिस बीच्या लसीचे तिन्ही डोस झाले नसतील तर पूर्ण करा आणि एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी तपासून घ्या. टोचलेच, तर बोट पिळू नका, तोंडात घालू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने धुऊन लगेच सरकारी रुग्णालय गाठा. एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्यतो पहिल्या दोन तासांत सुरू व्हायला हवे, आणि 72 तासांनंतर ते देण्यात अर्थ राहत नाही.