बेसिक सर्किट शिकताना सिम्युलेटरवर भरवसा ठेवावा का? आमचे सर म्हणतात, सॉफ्टवेअर खोटं बोलतं.

ठेवावा. तुमच्या सरांचं वाक्य वाचून मात्र राहवलं नाही, कारण हेच मला लॅबमधल्या एका सीनियरनी ऐकवलं होतं, तेही चारचौघांत.

सर्किट कसलं, तर साधा व्होल्टेज डिव्हायडर, म्हणजे व्होल्टेज वाटून घेणारे एकापुढे एक जोडलेले दोन रेझिस्टर. १२ व्होल्ट सप्लाय, १ मेगओहमचे दोन रेझिस्टर. सिम्युलेटर मध्यावर बरोब्बर ६ व्होल्ट दाखवत होता आणि मल्टिमीटर ५.७. "बघ तुझं सॉफ्टवेअर!" मी काही न बोलता स्क्रीनवर खालच्या रेझिस्टरला समांतर १० मेगओहमचा आणखी एक जोडला, कारण बहुतेक डिजिटल मीटरचा इनपुट रोध, म्हणजे सर्किटला जोडल्यावर मीटरचा स्वतःचा रोध, तेवढाच असतो. रन केलं, ५.७१ आलं. त्यावर म्हणे, उत्तर माहीत असलं की आकडा कोणीही जुळवून आणेल, फरक टॉलरन्सचा आहे, म्हणजे रेझिस्टरची खरी किंमत छापील किमतीपेक्षा थोडी कमीजास्त असते त्याचा. रेझिस्टर ५ टक्केवाले होते, त्यामुळे मुद्दा अगदीच फोल नव्हता. म्हणून ब्रेडबोर्डवर दोन्ही रेझिस्टरांची अदलाबदल केली. टॉलरन्समुळे असतं तर रीडिंग आता ६ च्या वर तेवढंच जायला हवं होतं. ते ५.७ लाच चिकटून राहिलं. १० किलोओहमची जोडी लावली, तर फरक जवळपास गायब, कारण तिच्यापुढे मीटरचे १० मेगओहम असून नसल्यासारखे. मग मीटरची बॅटरी उतरली असेल असं म्हणून साहेबांनी विषय बदलला.

सिम्युलेटर तुम्ही काढलेल्या सर्किटची किरचॉफची समीकरणं (करंट आणि व्होल्टेजचा ताळेबंद) सोडवतो, बस. मीटर काढलाच नाही तर तो हिशेबात येणार कुठून? बर्कलीच्या विद्यापीठात १९७० च्या दशकात स्पाइस हा सर्किट सिम्युलेटर तयार झाला तेव्हापासून गाभा हाच आहे, आणि एलटीस्पाइस, एनजीस्पाइस त्याच घराण्यातले.

कोणतं घ्यावं म्हणाल तर आधी ब्राउझरमधला फॉल्स्टॅडचा सिम्युलेटर, त्यात करंट वाहताना दिसतो. मग एलटीस्पाइस, फुकट आहे. ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्टचा बिंदू, द्यायला विसरू नका. आणि मेगओहमसाठी नुसतं 'एम' लिहू नका, तो मिली धरतो, 'मेग' लिहा. निम्मी "खोटी" उत्तरं इथेच तयार होतात.

हां, एक राहिलंच. डोळे झाकून विश्वास सिम्युलेटरच्या एसी अ‍ॅनालिसिसवरही नको (वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला सर्किट कसं वागतं ते त्यात दिसतं). १०० गेनच्या (सिग्नल शंभरपट करणाऱ्या) अ‍ॅम्प्लिफायरला १ व्होल्ट द्या, १२ व्होल्ट सप्लायवर तो खुशाल १०० व्होल्ट आउटपुट दाखवेल, कारण ऑपरेटिंग पॉइंटपाशी, म्हणजे सिग्नल नसतानाच्या स्थिर स्थितीपाशी, सगळं सरळ रेषेत धरून हिशेब केलेला असतो. क्लिपिंग, म्हणजे सप्लायच्या मर्यादेला आउटपुट कापलं जाणं, बघायचं तर ट्रान्झियंट अ‍ॅनालिसिस चालवा, त्यात वेळेनुसार हिशेब होतो. ऑसिलेटरही (स्वतःहून लहरी तयार करणारं सर्किट) कधीकधी स्क्रीनवर ढिम्म बसतो. खऱ्या सर्किटमधला नॉइज तिथे नसतो, सुरुवातीचा धक्का आपणच द्यायचा.

आणि सरांना एवढं विचाराच, की ज्या मीटरने मोजलं त्याचा इनपुट रोध किती? मॅन्युअलमध्ये छापलेला असतो.